मुद्राराक्षस आणि अभिप्रेत शब्द

चुकीच्या वर्णावलीने लिहिलेला शब्द दुरुस्त करणे ही क्रिया समीक्षेच्या परिघाबाहेरची मानण्याचा प्रघात आहे. ते काम मुद्रितशोधकाचे, शाळामास्तराचे, आणि अलीकडे संगणकाचे, अशी आपली समजूत असते. संहिता निर्दोष होऊन हाती आली की मग समीक्षकाचा व्यापार सुरू होतो, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीताचीच तपासणी करावयाची आहे. चूक दुरुस्त करणे म्हणजे 'येथे कोणता शब्द अभिप्रेत होता' या प्रश्नाचे उत्तर देणे होय. आणि 'अभिप्रेत' ही तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील समीक्षेने साहित्यविचारातून हद्दपार केलेली कोटी आहे. विम्सट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही असे प्रतिपादन केले. पुढे बार्तने लेखकाच्या मृत्यूचीच घोषणा केली. तथापि ज्या पानावर ही घोषणा छापली गेली, त्या पानाची मुद्रिते कोणीतरी तपासली असणार, आणि तपासणाऱ्याने प्रत्येक चुकीपाशी थांबून लेखकाच्या मनात काय होते याचाच विचार केला असणार. हेतूला समीक्षेच्या दिवाणखान्यातून बाहेर घालवले तरी तो छापखान्यात सुखाने नांदत राहिला.

यासाठी इंग्रजीचे क्षेत्र निवडण्याचे कारण असे की इंग्रजी वर्णावलीचा स्वभावच या प्रश्नाला तीव्र करणारा आहे. मराठीत ऱ्हस्वदीर्घाची चूक झाली तर बहुधा शब्द तोच राहतो, त्याचे रूप तेवढे अशुद्ध होते. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांसारख्या जोड्या आहेत, पण त्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात मुद्दाम जमवून द्याव्या लागतात. इंग्रजीत मात्र लेखन आणि उच्चार यांची फारकत मुद्रणकलेच्या आगमनानंतर झालेल्या स्वरांतराने अशी पक्की झाली, आणि १७५५ साली जॉन्सनच्या कोशाने तिला अशी प्रतिष्ठा दिली, की एका अक्षराच्या फरकाने माणूस अशुद्ध शब्दावर न थांबता सरळ दुसऱ्याच शब्दाच्या घरात शिरतो. 'प्रिन्सिपल' एका वर्णावलीने तत्त्व असते आणि दुसरीने मुख्याध्यापक; 'कॉम्प्लिमेंट' एका स्वराने प्रशंसा होते, दुसऱ्याने पूरक. देवनागरीत लिहिताना हा भेद दिसेनासाच होतो, म्हणून पुढील विवेचनात अक्षरांची नावे घेण्याचा कंटाळवाणा मार्ग पत्करावा लागेल. वाचकांनी तो सोसावा.

चुकीचे दोन प्रकार सामान्यतः मानले जातात: जिच्यामुळे कोशात नसलेला शब्द तयार होतो ती, आणि जिच्यामुळे कोशातलाच पण भलता शब्द तयार होतो ती. पहिल्या प्रकारची दुरुस्ती यांत्रिक आहे असे आपण समजतो. फ्रेडरिक डॅमेरो याने १९६४ साली दाखवून दिले की अशा चुकांपैकी ८० टक्क्यांहून अधिक चुका एकाच अक्षराच्या असतात: एक अक्षर गळते, एक जास्त पडते, एकाच्या जागी दुसरे येते, किंवा लगतच्या दोघांची अदलाबदल होते. म्हणजे चुकलेल्या रूपापासून एका पावलावर असलेला शब्द शोधला की काम झाले. पण 'निश्चितपणे' या अर्थाचा 'डेफिनिटली' हा शब्द घ्या. अनेकजण त्यातील दुसऱ्या 'आय'च्या जागी 'ए' लिहितात आणि पुढचा 'ई' गाळतात. आता अभिप्रेत शब्द दोन पावले दूर गेला. उलट 'एन' आणि 'ए' यांची नुसती अदलाबदल केली की 'डिफायंटली' हा, 'आव्हान देत', 'उद्दामपणे' अशा अर्थाचा शब्द एका पावलावर उभा आहे. मोजमाप त्यालाच पसंती देते. मग नोकरीचा उमेदवार 'मुलाखतीला मी निश्चित येईन' असे लिहू जातो आणि 'मी उद्दामपणे येईन' असे पत्र रवाना होते. युरोपीय संघाच्या अनुवादकांना अशाच एका दुरुस्तीचा अनुभव आला. कोशात 'को-ऑपरेशन' हा शब्द केवळ संयोगचिन्हासह होता. चिन्हाविना लिहिलेला शब्द अशुद्ध ठरवून यंत्राने त्याच्या जागी कॅलिफोर्नियातील 'क्युपर्टिनो' या गावाचे नाव सुचवले, आणि सहकार्याच्या ठरावांतून हे गाव हिंडू लागले. यात हसण्यासारखे आहे खरे. पण येथे मूळची चूक अज्ञानाची होती आणि दुरुस्ती ज्ञानाची. दुरुस्तीने चुकीपेक्षा जास्त नुकसान केले. चूक वाचणाऱ्याला अर्थ कळत होता. दुरुस्तीनंतर तो कळेनासा झाला, आणि काही बिघडले आहे याची खूणही उरली नाही.

पुढे १९९० साली बेल प्रयोगशाळेतील कर्निगन, चर्च आणि गेल यांनी या शोधाला संभाव्यतेची जोड दिली. दोन प्रश्न एकत्र विचारावयाचे: अमुक शब्द भाषेत किती वेळा येतो, आणि तो शब्द लिहू जाता नेमकी हीच चूक होण्याचा संभव किती? त्यांच्या निबंधातील एक उदाहरण पुढे पाठ्यपुस्तकांत गेले. ए-सी-आर-ई-एस-एस असे सहा अक्षरी रूप दिले असता त्यांच्या यंत्राने 'एकर्स', म्हणजे जमिनीचे मोजमाप, हा शब्द निवडला; मूळ वाक्यात मात्र एका अष्टपैलू नटीचे वर्णन होते आणि लेखकाला 'ऍक्ट्रेस' म्हणावयाचे होते. शेजारचे शब्द पाहणारा कोणीही मनुष्य चुकला नसता. आजची यंत्रे शेजारचेच नव्हे, पानभराचे शब्द पाहतात आणि असल्या ठिकाणी क्वचितच फसतात. तरी त्यांच्या 'अभिप्रेत' या कल्पनेचा गाभा बदललेला नाही. अशा प्रसंगी बहुतेक माणसे जे म्हणतील तेच या माणसाला म्हणावयाचे असले पाहिजे, हे ते सूत्र आहे. व्यवहाराच्या पत्राला ते पुरते. साहित्याला ते का पुरत नाही, हा आपला प्रश्न आहे.

दुसऱ्या प्रकारच्या चुकीला मराठी माणसाने वेगळे नावच देऊन ठेवले आहे. 'ध चा मा करणे' या वाक्प्रचारामागे १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनाची आख्यायिका आहे. ती ऐतिहासिक कसोटीस किती उतरते हा प्रश्न वेगळा. भाषेच्या दृष्टीने ती फार अर्थपूर्ण आहे. 'धरावे' आणि 'मारावे' ही दोन्ही रूपे शुद्ध, दोन्ही संदर्भात चपखल बसणारी, दोन्ही आज्ञापत्राला शोभणारी. कोणताही शुद्धिकार, मानवी वा यांत्रिक, तेथे बोट ठेवू शकला नसता. अभिप्रेत शब्द ओळखण्यास येथे भाषेचे ज्ञान पुरत नाही; कागद कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला याचा इतिहास लागतो. पाठचिकित्सा नावाची विद्या या गरजेतून जन्मली.

इंग्रजी पाठचिकित्सेतील सर्वांत प्रसिद्ध दुरुस्ती शेक्सपिअरच्या 'पाचवा हेन्री' या नाटकात, दुसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात आहे. फॉल्स्टाफच्या मृत्यूचे वर्णन त्याची जुनी ओळखीची खानावळवाली करते आहे. १६२३ च्या फोलिओत, त्याचे नाक लेखणीच्या टोकासारखे निमुळते झाले होते असे सांगितल्यावर, एकाएकी हिरव्या शेतांचे 'टेबल' येते. वाक्य लागत नाही. पोपने १७२५ च्या आपल्या आवृत्तीत ते शब्द गाळले आणि तळटीपेत विनोद केला, की ग्रीनफील्ड नावाचा कोणी नाटकमंडळीचा सामानवाला असावा आणि 'ग्रीनफील्डचे टेबल आणा' ही रंगसूचना संहितेत घुसली असावी. पुढच्याच वर्षी लुइस थिओबाल्डने दुसरा मार्ग दाखवला. कोणा दिवंगत गृहस्थाने आपल्या प्रतीच्या समासात 'टॉक्ड', म्हणजे 'बोलला', असे लिहिलेले त्याच्या पाहण्यात आले होते. तो धागा धरून त्याने 'बॅबल्ड' हा पाठ सुचवला: मरणाच्या दारातला म्हातारा हिरव्या शेतांविषयी बरळत होता. १७३३ च्या आपल्या आवृत्तीत त्याने तो संहितेत घेतला आणि तेव्हापासून बहुतेक संपादकांनी तो ठेवला आहे. पोपने या उपद्व्यापाबद्दल त्याला १७२८ च्या 'डन्सियड'चा नायक करून मूर्खांच्या सिंहासनावर बसवले, हा भाग अलाहिदा.

ही दुरुस्ती कशावर उभी आहे? एक आधार लिपीचा. त्या काळच्या वळणात शब्दाच्या अंतीचा 'डी' आणि 'ई' यांत सहज गफलत होते, आणि मोकळ्या वळणाचा 'बी' 'टी'सारखा दिसू शकतो. जुळाऱ्याने 'बॅबल्ड'चे 'टेबल' वाचले असणे शक्य आहे. दुसरा आधार १६०० सालच्या क्वार्टो प्रतीचा: तिचा पाठ सदोष असला तरी या जागी फॉल्स्टाफ फुलांविषयी बोलत होता असे तीत येते. पण हे दोन्ही आधार 'टॉक्ड'लाही जवळजवळ तेवढेच लागू पडतात, आणि वारंवारतेचा निकष लावला तर 'टॉक्ड' हाच कितीतरी अधिक संभवनीय शब्द. थिओबाल्डच्या पाठाचे बळ तिसऱ्याच ठिकाणी आहे. खानावळवालीने नुकतेच फॉल्स्टाफला बाप्तिस्म्याच्या वस्त्रातल्या तान्ह्या मुलाची उपमा दिली आहे. तो बोटांच्या टोकांकडे पाहून हसतो, फुलांशी खेळतो. तान्हे मूल बोलत नाही, ते बोबडे बरळते. 'बॅबल' या शब्दाने ती उपमा न सांगता पुढे नेली जाते. म्हणजे अभिप्रेत शब्दाचा पुरावा काव्यात्म संगतीतून आला आहे. ज्याला आपण समीक्षा म्हणतो तिच्यावाचून येथे शुद्धलेखनाची दुरुस्ती होऊ शकली नसती. 'टेबल' हाच पाठ योग्य आहे आणि त्याचा अर्थ चित्रफलक असा घ्यावा, असे म्हणणारे अभ्यासकही झाले आहेत. त्यांचाही युक्तिवाद अखेर काव्यार्थावरच चालतो.

या भाषणात आणखी एक गंमत आहे आणि ती आपल्या विवेचनाला अधिक उपयोगी आहे. तान्ह्या मुलाचे विशेषण म्हणून ही बाई 'क्रिझम'च्या ऐवजी 'क्रिस्टम' असा शब्द वापरते. फॉल्स्टाफ कोठे गेला असेल हे सांगताना तर बायबलातील अब्राहमाच्या कुशीऐवजी ती त्याला आर्थर राजाच्या कुशीत पोचवते. या दोन्ही चुका आहेत, आणि त्या कोणी दुरुस्त करीत नाही. कोणी केल्या तर आपण त्याला अडाणी म्हणू. एकाच भाषणात दोनचार ओळींच्या अंतरावर एक चूक दुरुस्त करणे हे संपादकाचे कर्तव्य ठरते आणि दुसरी तशीच ठेवणे हेही कर्तव्यच ठरते. पानावरच्या अक्षरांत असे काहीही नाही की ज्यावरून हा भेद करता येईल. भेद आहे तो चूक कोणाची यात. 'आर्थर' ही खानावळवालीची चूक आहे, म्हणून ती शेक्सपिअरची निवड आहे. 'टेबल' ही जुळाऱ्याची चूक आहे, म्हणून ती कोणाचीच निवड नाही. शेरिडनच्या १७७५ मधील 'द रायव्हल्स'मध्ये मिसेस मॅलाप्रॉप नाईलच्या तीरावरच्या मगरीला 'ऍलिगरी' म्हणते तेव्हा प्रेक्षकाने एकाच क्षणी दोन शब्द ऐकावे लागतात, उच्चारलेला आणि अभिप्रेत. दुरुस्ती प्रेक्षक मनात करतो आणि म्हणूनच ती कागदावर करायची नसते. मार्क ट्वेनचा हकलबरी 'सिव्हिलाइझ' या शब्दाचा आरंभ 'सी'ऐवजी 'एस'ने करतो; ते एक अक्षर सुधारले तर सुसंस्कृत होण्याविरुद्धची त्याची सगळी तक्रारच सुसंस्कृत होऊन जाईल.

वॉल्टर ग्रेग याने १९५०-५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात संहितेच्या घटकांचे दोन वर्ग केले: अर्थाला स्पर्श करणारे सारभूत पाठ, आणि वर्णावली, विरामचिन्हे यांसारखे आनुषंगिक तपशील. आधारप्रत निवडण्याच्या व्यवहारात हा भेद फार सोयीचा ठरला. पण वरील उदाहरणांपुढे त्याची सीमारेषा टिकत नाही. वर्णावली आनुषंगिक असते ती केवळ लेखकाने तिला आनुषंगिक राहू दिले असेल तोवर.

याचे निर्णायक उदाहरण जॉइसच्या 'युलिसिस'मध्ये आहे. पॅरिसमध्ये असताना स्टीफनला वडिलांची तार आली होती: आई मरणाच्या दारी आहे, घरी ये. १९२२ च्या पहिल्या आवृत्तीपासून या तारेत 'मदर' असा शुद्ध शब्द छापला जात होता. स्टीफन तिला दाखवण्याजोगी नवलाची वस्तू म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी यात त्याचा कोरडेपणा पाहिला असणार. हान्स वाल्टर गाब्लर याने १९८४ च्या आपल्या आवृत्तीत हस्तलिखिताच्या आधारे मूळ रूप परत आणले. तेथे पहिले अक्षर 'एम' नसून 'एन' होते: 'नदर'. तारखात्याच्या चुकीने आई 'दुसरी कोणीतरी', 'आणखी एक' अशी झाली आणि म्हणून ती तार नवलाची वस्तू झाली. कोणा शहाण्या हाताने एक उघड चूक दुरुस्त केली आणि स्टीफनच्या दुःखाच्या तळाशी असलेले ते विद्रूप, क्रूर हसू नाहीसे केले. गाब्लरच्या आवृत्तीवर पुढे पुष्कळ वाद झाला आणि त्यातले काही आक्षेप गंभीर आहेत, पण हे एक अक्षर त्याने परत मिळवले याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. या कादंबरीत अशा चुका पेरलेल्याच आहेत. मार्थाच्या पत्रात 'वर्ड'मध्ये एक 'एल' जास्त पडून 'वर्ल्ड' होतो आणि तो परलोक होऊन ब्लूमच्या मनात दफनभूमीपर्यंत पिच्छा पुरवतो. दफनविधीच्या वर्तमानपत्री बातमीत खुद्द ब्लूमच्या नावातला 'एल' गळतो आणि तो 'बूम' होतो. एका ठिकाणी जास्त पडलेले अक्षर दुसरीकडे कमी पडते. हा हिशेब जॉइसने जाणून जुळवला असेल असे म्हणण्याचा मोह होतो. मुद्राराक्षस येथे लेखकाच्या चाकरीत आहे.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की मग चुकीला हात लावूच नये, विचित्र वाटणारा प्रत्येक पाठ गहन समजावा. त्याला उत्तर म्हणून मॅथिसनची हकीकत सांगणे भाग आहे. मेल्व्हिलच्या १८५० मधील 'व्हाइट-जॅकेट'मध्ये निवेदक डोलकाठीवरून समुद्रात पडतो आणि खोल पाण्यात त्याच्या अंगाला काहीतरी घासून जाते. त्या माशाला लावलेले 'सॉइल्ड', म्हणजे मळलेला, हे विशेषण एफ. ओ. मॅथिसन याने १९४१ च्या 'अमेरिकन रेनेसान्स' या आपल्या मोठ्या ग्रंथात उचलून धरले. समुद्राची स्वच्छता आणि मळलेपणा यांचा असा धक्कादायक संयोग मेल्व्हिलच करू जाणे, असा त्याचा आशय होता. १९४९ साली जॉन निकल याने दाखवले की मेल्व्हिलच्या हयातीतील आवृत्त्यांत शब्द 'कॉइल्ड', म्हणजे वेटोळे घातलेला, असा आहे. 'सॉइल्ड' हा विसाव्या शतकातील प्रमाण मानलेल्या आवृत्तीतला छापखान्याचा दोष. 'सी'च्या जागी 'एस' बसला होता आणि मेल्व्हिल १८९१ मध्येच वारला होता. येट्सच्या एका प्रसिद्ध कवितेतील ऍरिस्टॉटलला लावलेले 'सॉलिडर', म्हणजे अधिक भरीव, हे विशेषण काही आवृत्त्यांत 'आय' आणि 'डी' यांच्या हेरफेराने 'सोल्जर' झाले, आणि ऍरिस्टॉटल अलेक्झांडरचा गुरू होता या बळावर त्या शिपाईगिरीचेही समर्थन करणारे रसिक निघाले.

मॅथिसनला हसणे सोपे आहे. ते न्याय्य नाही. 'मळलेला मासा' ही प्रतिमा खरोखरच वाईट नाही. कोणी म्हणेल, मग बिघडले कोठे? वाचकाला एक चांगली प्रतिमा मिळाली, ती कोणी निर्माण केली हा प्रश्न गैरलागू. ही भूमिका प्रामाणिकपणे घेता येते, पण मॅथिसनने ती घेतलेली नव्हती. त्याने ती प्रतिमा मेल्व्हिलच्या कल्पनाशक्तीच्या जातीचा पुरावा म्हणून दाखल केली होती. पुरावा खोटा ठरला की त्यावरचे विधान पडते, मग प्रतिमा कितीही सुंदर असो. लेखकाचे नाव घेऊन केलेले प्रत्येक शैलीविषयक विधान अशा पुराव्यावर उभे असते, आणि हेतूची कोटी नाकारणारे समीक्षकही लेखकाचे नाव घेणे सोडत नाहीत.

जॉइसच्या छापखान्याने सोपा पाठ घेतला आणि चुकला; मॅथिसनने कठीण पाठ घेतला आणि तोही चुकला. पाठचिकित्सेत कठिणतर पाठाला प्राधान्य देण्याचा जुना नियम आहे. लेखनिक अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालतो, उलट सहसा घडत नाही, हे त्यामागचे निरीक्षण. भांडारकर संस्थेच्या महाभारत-आवृत्तीच्या आदिपर्वाला १९३३ मध्ये जोडलेल्या प्रस्तावनेत विष्णु सीताराम सुखठणकर यांनी या नियमाचा विचारपूर्वक उपयोग केला, पण त्याबरोबर दुरुस्तीविषयी कमालीचा संयम बाळगला: उपलब्ध पाठाचा अर्थ लावता येत असेल तोवर कल्पनेने नवा पाठ घडवायचा नाही, आणि जेथे खात्री कमी तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ काढून तसे सांगायचे. इटालियन पाठचिकित्सक सेबास्तियानो टिंपानारो याने १९७४ मध्ये हाच नियम फ्रॉइडवर उलटवला. फ्रॉइडने बोलण्यातल्या आणि आठवण्यातल्या ज्या चुकांमागे दडपलेल्या वासना शोधल्या, त्यांतील कित्येक चुका लेखनिकांच्या नित्याच्या सुलभीकरणाने समजावता येतात, असे त्याचे म्हणणे. टिंपानारोने उपजीविकेसाठी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधकाचे काम केले होते, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. चुका हजारोंनी पाहिलेला माणूस त्या प्रत्येकीत गूढ पाहण्यास तयार होत नाही.

तरीही हजारोंचा अनुभव एका चुकीचा निर्णय देऊ शकत नाही. हाउसमनने १९२१ च्या आपल्या व्याख्यानात पाठचिकित्सकाला न्यूटनऐवजी पिसवा शोधणाऱ्या कुत्र्याची उपमा दिली होती: क्षेत्रफळ आणि लोकसंख्या यांच्या आकडेवारीवरून कुत्रा पिसवा शोधू लागला तर योगायोगानेच एखादी सापडेल, कारण प्रत्येक पिसू स्वतंत्र प्राणी आहे. आकडेवारीने चालणाऱ्या शुद्धियंत्रांवर याहून नेमकी टीका पुढच्या शंभर वर्षांत झालेली माझ्या पाहण्यात नाही, जरी ही यंत्रे पिसवा मात्र पुष्कळ पकडतात हे मान्य करावे लागते. यंत्र सुलभतर पाठाचा पुरस्कर्ता असते, आणि तसे असण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. 'टॉक्ड' हा त्याचा पाठ असेल, 'मदर' हा त्याचा पाठ असेल. आणि 'कॉइल्ड'पाशी ते बरोबर ठरेल, पण चुकीच्या कारणाने; मेल्व्हिलने खरोखरच 'सॉइल्ड' लिहिले असते तरी त्याने 'कॉइल्ड'च केले असते.

मग 'अभिप्रेत' म्हणजे नेमके काय? लिहिण्यापूर्वी लेखकाच्या मनात असलेला शब्द, ही नेहमीची व्याख्या. ऑडनची एक हकीकत या व्याख्येला अडचणीत आणते. १९३६ च्या आइसलंड-प्रवासावरील त्याच्या कवितेत समुद्राला नावे देणारे कोण, तर 'पोएट्स', असे त्याने लिहिले होते. ख्रिस्तोफर इशरवुडला ते 'पोर्ट्स' असे दिसले. 'ई'चा 'आर' झाला, कवींची बंदरे झाली. १९३७ च्या 'लेटर्स फ्रॉम आइसलंड' या पुस्तकातील पत्रात ऑडन त्याला कळवतो की तू चुकलास, पण चूक मूळ कल्पनेपेक्षा बरी दिसते, म्हणून तशीच ठेवतो. आता अभिप्रेत शब्द कोणता? लिहिताना मनात होता तो 'पोएट्स'. पण त्याची पुनःस्थापना करणारा संपादक ऑडनशी प्रामाणिक राहणार नाही. मला वाटते, येथे 'हेतू' या शब्दापेक्षा 'अंगीकार' हा शब्द अधिक उपयोगी आहे. लेखकाचा शब्द म्हणजे त्याला आधी सुचलेला शब्द नव्हे. ज्याचे उत्तरदायित्व त्याने पाहून, जाणून स्वीकारले तो शब्द. 'पोर्ट्स'चा जन्म अपघाताचा, पण त्याचा अंगीकार झाला. 'नदर'चा अंगीकार जॉइसने केला. 'सॉइल्ड'चा कोणीच केला नाही. करू शकणारा माणूस हयात नव्हता. विम्सट-बिअर्डस्ली यांचा आक्षेप लेखकाच्या मनोव्यापारात शिरण्याला होता आणि त्यात तथ्य होते. अंगीकार हा मनोव्यापार नव्हे. ती कृती आहे, तिचे साक्षीपुरावे असतात: मुद्रितांवरील खुणा, पत्रे, पुढच्या आवृत्त्या.

आपल्याकडील शास्त्रविचार येथे आठवतो, आणि तो एकाच बाजूचा नाही हे विशेष. नैयायिकांनी तात्पर्याला, म्हणजे वक्त्याच्या इच्छेला, शाब्दबोधाच्या कारणांत स्थान दिले. जेवताना 'सैंधव आण' म्हटले तर मीठ आणावे, घोडा नव्हे. मग पढवलेला पोपट बोलतो तेव्हा तात्पर्य कोणाचे, असा प्रश्न निघाला. शुकवाक्याचा बोध तात्पर्याविनाच होतो म्हणावे, की पढवणाऱ्याचे अथवा ईश्वराचे तात्पर्य मानावे, यावर त्यांनी गंभीरपणे खल केला. मॅथिसनचा मासा हे असेच शुकवाक्य होते. दुसरीकडे इंद्रशत्रूची कथा आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता, पण स्वर चुकला, समास पालटला आणि इंद्र ज्याला मारील असा वृत्र जन्मला. तेथे देवतांनी अभिप्रेत शब्द ओळखून दुरुस्ती केली नाही. उच्चारले तेच फळले. मंत्राच्या जगात अंगीकाराला अवसर नाही, मुद्रिते तपासायला मिळत नाहीत. साहित्य हे मंत्र आणि 'सैंधव आण' यांच्या मध्ये कोठेतरी आहे: शब्द बदलला की ते बदलते, आणि तरीही त्याचा शब्द कोणता हे ठरवावे लागते.

आज या ठरवण्याला एक नवी अडचण आली आहे. फोलिओच्या जुळाऱ्याला हिरव्या शेतांचे वाक्य कळले नाही, आणि त्याने न कळता जे दिसले ते बसवले. म्हणून 'टेबल' हे निरर्थक रूप शतकभर तसेच राहिले आणि त्या निरर्थकतेनेच थिओबाल्डला थांबवले. तो जुळारी अधिक हुशार असता, तर त्याने 'टॉक्ड' बसवले असते. वाक्य सुरळीत झाले असते आणि तेथे काही हरवले आहे अशी शंकाही कोणास आली नसती. आज लेखक लिहीत असतानाच त्याच्या बोटाखाली शब्द बदलतो. चुकलेले रूप कोणत्याही प्रतीत उतरत नाही, बदललेल्या शब्दावर लेखकाची नजर पडली की नाही याची नोंद राहत नाही, आणि ज्यावरून अंगीकार सिद्ध करावा ते मुद्रितच उरत नाही. सुखठणकरांच्या नागमोडी रेघेसारखीच एक रेघ या यंत्रांतही असते खरी, परंतु ती लेखकाच्या चुकीखाली उमटते. यंत्राने केलेल्या दुरुस्तीखाली, ती संशयास्पद असली तरी, सहसा टिकून राहत नाही.